‘फुल इंजिन काम’ झालेली पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणताना

जुन्या मोटारीच्या व्यवहारात ‘फुल इंजिन काम झालेले आहे’ या वाक्याला फार वजन असते. ते कानावर पडले की घेणारा माणूस बाकीची चौकशी आटोपती घेतो आणि किमतीवर येतो. माझ्याकडे आलेल्या १९९१ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या बाबतीत हे वाक्य शब्दशः खरे होते, त्याचे बिलही कागदपत्रांच्या पाकिटात जपून ठेवलेले होते, आणि तरीही ती गाडी रस्त्यावर आणण्याच्या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत अधिक सावध राहावे लागले ते याच इंजिनाबाबत. वापरातल्या जुन्या इंजिनाचा स्वभाव चालवणाऱ्याला ठाऊक असतो. ते तेल किती पिते, तापते केव्हा, कोणत्या चढावर दमते, हे सारे माहीत असते. बांधले आणि न चालवता ठेवून दिले, अशा इंजिनाबद्दल मात्र ते बांधणाऱ्या मिस्त्रीलाही छातीठोकपणे काही सांगता येत नाही.

गाडी माझ्या थोरल्या बंधूंची. २०१० साली त्यांनी सोलापुरातच तिचे इंजिन पूर्ण खोलून बांधून घेतले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले. आमच्या टॉवेलच्या यंत्रमाग कारखान्याला लागून सुताचे एक गोदाम होते. कारखाना बंद झाल्यावर ते रिकामेच पडले होते, तेथे गाडी लावली गेली आणि तेथेच राहिली. बिलावर मिस्त्रीने गाडीच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला होता ही मोठीच सोय झाली, कारण आजचा आकडा त्याच्याशी ताडून पाहिला तेव्हा दोहोंत साठ-पासष्ट किलोमीटरांचेच अंतर निघाले. याचा अर्थ इंजिनाचे रनिंग-इन, म्हणजे नवे भाग एकमेकांशी जुळेपर्यंत बेताने चालवणे, झालेलेच नव्हते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी अजून नीट जुळलेल्या नव्हत्या, आणि त्याच अवस्थेत त्या वर्षानुवर्षे एका जागी उभ्या होत्या.

पद्मिनीविषयी सोलापूरकराला थोडी आपुलकी असते, तिला कारणही आहे. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही फियाटच्या घराण्यातली गाडी एके काळी नवी पेठेतल्या व्यापाऱ्यांपासून डॉक्टरांपर्यंत अनेकांच्या दारात असे. तिचे इंजिन १,०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे; बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिलिमीटर; ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. रचना इतकी साधी आहे की बॉनेट उघडल्यावर प्रत्येक भागापर्यंत हात पोहोचतो. आपुलकीपोटी गाडी ठेवली हे खरे, पण काम हाती घेताना उपयोगी पडला तो हा साधेपणाच.

मी ज्या मिस्त्रींना बोलावले त्यांचे उभे आयुष्य फियाट आणि अँबेसेडर खोलण्यात गेले आहे. इंजिनाचे बिल मी मोठ्या उत्साहाने त्यांच्यापुढे धरले, त्यांनी ते वाचले, घडी घालून मला परत दिले आणि म्हणाले, “मालक, इंजिन मागनं बघू. आधी गाडी थांबतीय का ते बघू, मग चालतीय का ते.” त्यांच्या या क्रमाला मी पुढे सबंध कामात धरून राहिलो. बॅटरी लावून आधी इंजिन चालू करून पाहण्याचा मोह घरातल्या सगळ्यांनाच होता, विशेषतः पुतण्याला. पण कोरड्या बेअरिंगवर इंजिन फिरवण्यात जी हानी होते ती काही सेकंदांत होते आणि भरून निघत नाही, हे त्याला पटवून द्यावे लागले.

ब्रेकच्या कामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण तेथे निर्णय घेण्यासारखे काही उरलेच नव्हते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइलच्या जागी तांबूस चिखल सापडला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, ती ओल खाली बसते आणि आतून गंज धरतो. न वापरलेल्या गाडीत हे हमखास घडते. मास्टर सिलिंडरच्या आतल्या भिंतीला खड्डे पडले होते, म्हणून तो नवाच घेतला. रबरी होज, पोलादी नळ्या, व्हील सिलिंडर बदलले, लायनर नवे बसवले. काही भाग सोलापुरात मिळाले, काही पुण्याच्या नाना पेठेतून मागवले. टायरचे नक्षीकाम नव्यासारखे खोल होते, पण बाजूवर कोरलेला चार अंकी आकडा २११० असा होता, म्हणजे टायर २०१० च्या एकविसाव्या आठवड्यात तयार झालेले. रबर कडक होऊन बगलेला बारीक तडे गेले होते. ते दिसायला कितीही चांगले असले तरी काढून टाकले. ५.२०-१४ हे मूळ माप आता शोधावे लागते, एवढीच अडचण.

सुताच्या गोदामात गाडी ठेवण्याचा एक परिणाम मात्र कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. कारखाना बंद असला तरी भिंतींवर, छपराच्या कैच्यांवर, पत्र्याखाली रुईचा बारीक फुफाटा वर्षानुवर्षे चिकटलेला असतो आणि वाऱ्याबरोबर तो खाली उतरत राहतो. रेडिएटरच्या जाळीत तो नमद्यासारखा थर करून बसला होता. बाहेरून पाहता जाळी नुसती धुळकट दिसत होती, पण विजेरी मागच्या बाजूने धरली तर उजेड पलीकडे येत नव्हता. एअर क्लीनरच्या डब्यात उंदरांनी सुताच्या वेस्टचे पद्धतशीर घरटे केले होते आणि वायरिंगवरही दात चालवले होते. डब्यातले हे घरटे पाहिल्यावर मिस्त्रींनी कार्ब्युरेटर जागेवर ठेवून साफ करण्याचा विचार सोडला आणि तो मॅनिफोल्डपासून सोडवून बाकावर घेतला. मॅनिफोल्डच्या तोंडात कापड कोंबून मगच त्यांनी घरट्याला हात लावला, म्हणजे सुताचा एखादाही तुकडा आत जाऊ नये.

पेट्रोलची टाकी उतरवली तेव्हा तिच्यात पेट्रोल नव्हते, व्हार्निशसारखा दाट राप होता आणि त्याला तो विशिष्ट आंबट वास होता. टाकी रेडिएटरवाल्याकडे देऊन आतून साफ करून घेतली. येथे आजच्या पेट्रोलचा विचार करणे भाग होते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; ही गाडी बनली तेव्हा असे इंधन कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. इथेनॉल पाणी ओढून घेते, जुन्या जातीच्या रबराला फुगवते आणि मऊ करते, शिवाय टाकीच्या भिंतीला चिकटलेली घाण सोडवून पुढे आणते. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी बदलली, यांत्रिक पेट्रोल पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणारा घेतला आणि पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवला, म्हणजे टाकीतून काय येते आहे ते नुसत्या डोळ्यांनी दिसावे. इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असल्यामुळे त्याच जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. नव्या गाड्यांचा संगणक ते ओळखून इंधन वाढवतो, कार्ब्युरेटरला ते कळत नाही. पातळ मिश्रणावर इंजिन अधिक तापते आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ते परवडणारे नाही, म्हणून मुख्य जेट एका मापाने मोठा घेण्याचे आधीच ठरवले.

आता इंजिनाकडे वळतो. बिलावर बोअरिंग, ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंग सेट, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंडिंग, मेन आणि बिगएंड बेअरिंग, व्हॉल्व्ह, गाइड, गॅस्केट सेट असे सगळे नोंदवलेले होते. पण बिलावर काय बदलले तेवढेच असते. कसे बसवले, नट कोणत्या जोराने आवळले, बेअरिंगमध्ये फट किती ठेवली, हे तेथे कोणी लिहीत नाही. त्यातून हे इंजिन बांधताना बेअरिंगांना जे ऑइल लावले असेल ते इतक्या वर्षांत ओघळून खाली उतरलेले असणार, हे उघड होते.

पहिले काम म्हणून चारही स्पार्क प्लग काढले आणि मोबाइलला जोडायचा वायरीचा कॅमेरा एकेका भोकातून आत सोडला. पडद्यावर सिलिंडरच्या भिंतीवरच्या होनिंगच्या, म्हणजे बोअरिंगनंतर दगडाने घासल्याच्या, तिरक्या रेषा एकमेकींना छेदून जाताना इतक्या स्वच्छ दिसल्या की जणू काम काल झाले असावे. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरमध्ये एवढेच होते. तिसऱ्यात मात्र पिस्टन मध्यावर थांबलेला होता आणि त्याच्या माथ्याच्या थोडे वर भिंतीला वेढा घालणारी तपकिरी रंगाची एक बारीक रेघ होती. कारण ओळखणे कठीण नव्हते. इंजिन कोणत्याही स्थितीत थांबले तरी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच, आणि त्या वाटेने बाहेरची हवा आत-बाहेर करत राहते. सोलापूरची हवा कोरडी म्हणून निभावले. हीच गाडी कोकणात उभी असती तर त्या सिलिंडरमध्ये पिस्टन जखडलेलाच सापडला असता.

हेड उतरवावे की नाही यावरून माझा आणि मिस्त्रींचा बराच वाद झाला. त्यांचे म्हणणे असे की शंका आहे तेथे खोलून पाहावे. माझे म्हणणे असे की कॅमेऱ्यात खड्डा दिसत नाही, नुसता डाग दिसतो. हेड उतरवले की गॅस्केट नवे आले, ॲल्युमिनियमच्या हेडचे स्टड सुटताना तुटण्याची भीती आली, आणि एवढे करून डाग पुसण्यापलीकडे हाती काही लागणार नाही. शेवटी मधला मार्ग असा निघाला की वरून हेडला हात लावायचा नाही, पण खालून ऑइलचे चेंबर उतरवायचे. चारही प्लगच्या भोकांतून पातळ ऑइल आणि डिझेल यांचे मिश्रण थोडे थोडे सोडून ते मुरू दिले आणि तोवर चेंबर खाली घेतले.

चेंबर उतरवण्याचा निर्णय योग्य ठरला. ऑइल पंपाच्या जाळीवर निळसर रंगाचे, वाळून कडक झालेले गॅस्केट गोंदाचे तुकडे अडकलेले होते. चेंबर बसवताना गोंद सढळ हाताने लावला की तो आतल्या बाजूला वळचणीसारखा बाहेर येतो, वाळतो, सुटतो आणि जाळीशी जाऊन बसतो. जाळी अर्धी जरी बुजली तरी ऑइलचा दाब पडतो, आणि नव्या बेअरिंगांना त्याची झळ सर्वांत आधी लागते. पुतण्याचे ऐकून बॅटरी लावली असती तर इंजिन बहुधा चालू झाले असते आणि चांगलेही वाटले असते. जाळी धुतली, चेंबरची कड खरवडून स्वच्छ केली, आणि तेवढ्यात एक बिगएंड कॅप (पिस्टनचा दांडा क्रँकला धरून ठेवणारी) सोडवून पाहिली. क्रँकची जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, आरशासारखी चकचकीत होती, बेअरिंगच्या शेलवर केवळ एक फिकट डाग होता. २०१० च्या मिस्त्रीने गोंद भरपूर लावला असला तरी मुख्य काम चोख केले होते, हे मान्य केलेच पाहिजे. सर्व कॅपचे नट टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासले आणि चेंबर नव्या गॅस्केटवर, गोंदाचा अगदी पातळ हात देऊन, बंद केले.

त्यानंतर क्रँक पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हाताने फिरवले. पहिली थोडी हालचाल जड गेली, तिसरा सिलिंडर त्या रेघेवरून जाताना पान्याला किंचित अडखळल्यासारखे जाणवले, आणि काही फेऱ्यांनंतर तेही नाहीसे झाले. जोर लावून एकदम फिरवण्याऐवजी थोडे पुढे, थोडे मागे असे करत जायचे असते. चिकटलेली रिंग ओढून मोडण्यापेक्षा तिला सुटायला वेळ दिलेला बरा.

ऑइल बेअरिंगांपर्यंत पोहोचवण्यासाठी आम्ही जे केले त्याची मला अजून मौज वाटते. इंजिनावर ऑइल प्रेशरचा स्विच जेथे बसतो ते भोक थेट मुख्य ऑइल वाहिनीत उघडते. तो स्विच काढून त्याच्या आट्याचा एक नरसाळ्यासारखा तुकडा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून वळवून घेतला आणि त्याला शेतात औषध मारायचा हातपंप जोडला. पंप कोरा होता, म्हणजे आत औषधाचा अंश नव्हता. हे सांगणे आवश्यक आहे. पंपात २०डब्ल्यू-५० दर्जाचे साधे खनिज ऑइल भरले. मी दांडा मारत होतो आणि मिस्त्री दुसऱ्या बाजूने क्रँक सावकाश फिरवत होते, कारण ऑइलच्या वाहिन्यांची भोके क्रँकच्या आणि कॅमच्या ठरावीक स्थितीतच समोरासमोर येतात. टॅपेट कव्हर उघडेच ठेवले होते. बराच वेळ काही दिसले नाही. मग व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात त्या रॉकर शाफ्टच्या मागच्या टोकाला एका रॉकरच्या बुडाशी ऑइलचा एक थेंब फुगला, ओघळला, त्याच्या शेजारच्या रॉकरखाली दुसरा आला, आणि पाहता पाहता आठही रॉकर ओले झाले. एवढ्या वर पोहोचलेले ऑइल खालच्या बेअरिंगांना मिळालेले असणारच.

क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. पेडल दाबून त्याला लाकडी ठोकळ्याची टेकण देऊन ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ती सुटली. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, पॉइंट आणि कंडेन्सर नवे घातले, टायमिंग बल्ब लावून जुळवले. रेडिएटरमध्ये आमच्या बोअरवेलचे पाणी घालायचे नाही हा माझा हट्ट होता. सोलापूरच्या बोअरच्या पाण्याचा क्षार भांड्यांवर दिसतो तसाच तो ब्लॉकच्या जॅकेटमध्येही बसतो, आणि बिडाचा ब्लॉक व ॲल्युमिनियमचे हेड यांच्यामध्ये नुसते पाणी राहिले की हेड आतून खाल्ले जाते. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट सम प्रमाणात मिसळून भरले.

इंजिन चालू करण्याआधी प्लग बाहेर ठेवून ते स्टार्टरने फिरवले आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबलो. मग प्लग बसवले. ते दुसऱ्या झटक्याला चालू झाले. चालू झालेले इंजिन ऐकत बसण्याचा मोह येथेही आवरावा लागतो, कारण कॅम आणि टॅपेट यांच्या नव्या पृष्ठभागांना ऑइल मिळते ते मुख्यतः क्रँकच्या उडवण्यातून, आणि मंद आयडलिंगवर ते पुरेसे उडत नाही. म्हणून पहिल्यापासूनच वेग १,८०० ते २,००० फेऱ्यांच्या दरम्यान खाली-वर करत वीसेक मिनिटे इंजिन चालवले. मिस्त्री तापमानाच्या काट्यावर आणि मी खाली गळतीवर लक्ष ठेवून होतो. निळा धूर निघाला, प्लगच्या भोकांतून सोडलेले ऑइल जळून गेल्यावर तो बराच ओसरला, पूर्ण थांबला नाही. थंड झाल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये होणारा दाब, मोजले. तीन सिलिंडरांत ते दर चौरस इंचाला ११५ ते १२० पौंडांपर्यंत आले, तिसऱ्यात १०० च्या थोडे खाली. ते पहिले ऑइल लगेच काढून टाकले. छिन्नीने टाकी लावलेल्या जात्याचे पहिले पीठ जसे बाजूला काढतात, तसे हे ऑइलही वापरायचे नसते. त्यात काय काय असेल ते सांगता येत नाही.

यापुढे मात्र गाडीचा आणि कायद्याचा क्रम एकमेकांशी जुळेना, आणि या अनुभवातला हा भाग मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटला. नव्या रिंगा भिंतीशी जुळण्यासाठी इंजिनावर भार लागतो. जळलेल्या वायूचा दाब रिंगेच्या मागच्या बाजूने तिला भिंतीवर रेटतो, तेव्हाच होनिंगच्या रेषांची टोके झिजून दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना फिट होतात. नुसते जागेवर उभे ठेवून चालवले तर दाब कमी राहतो, ऑइल भिंतीवर भाजून गुळगुळीत थर बसतो आणि मग रिंगा कधीच जुळत नाहीत. म्हणजे इंजिनाला रस्ता हवा होता. पण खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांची असते आणि पुढे मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आमच्या गाडीचे २००६ साली एकदा झालेले नूतनीकरण २०११ सालीच संपले होते. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. कोणी म्हणाले, पहाटे होटगी रोडला एक फेरी मारून या, कोण पाहतो! पण अपघात झाला तर विम्याच्या दृष्टीने ती गाडी रस्त्यावर नव्हतीच, ही गोष्ट असे सांगणाऱ्याच्या ध्यानात नसते.

म्हणून ठरवले की नोंदणी होईपर्यंत इंजिनाला पुन्हा हात लावायचा नाही; तपासणीसाठी लागेल तेवढेच ते चालेल. आधी तिसऱ्या पक्षाचा विमा घेतला. नूतनीकरणासाठी नमुना २५ चा अर्ज, चॅसिस नंबरचा पेन्सिलने उमटवलेला छाप, मूळ नोंदणी पुस्तक आणि पर्यावरण कराची पावती एवढे कागद लागले. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीसाठी नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे आणि उशिराच्या प्रत्येक महिन्यासाठी वेगळी आकारणी होते. ज्यांची गाडी गोदामात उभी आहे त्यांनी इंजिनावर खर्च करण्याआधी हा हिशेब मांडून ठेवावा. जुन्या गाडीची नोंद संगणकावर आहे की नाही, हेही आधीच पाहून घ्यावे. आमची होती, पण इंजिन क्रमांकात एक अक्षर वेगळे पडले होते आणि ते दुरुस्त होईपर्यंत पुढचे काही हलले नाही.

गाडी फ्लॅटबेडवर चढवून आधी पीयूसी केंद्रावर आणि मग तपासणीला नेली. या काळातल्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि १,५०० पीपीएम हायड्रोकार्बन इतकी मर्यादा असते. रिंगा न जुळलेल्या इंजिनात ऑइल जळत असल्यामुळे हायड्रोकार्बनचा आकडा वर जाईल ही धास्ती होती; इंजिन पुरते गरम करून, मिश्रणाचा स्क्रू जरासा आत घेऊन मोजले तेव्हा तो मर्यादेच्या आत राहिला. तपासणीत ब्रेक, दिवे, वायपर, हॉर्न आणि क्रमांकांची पडताळणी झाली. मिस्त्रींनी आधी ब्रेक का मागितला ते अधिकाऱ्याने आवारात गाडी जोरात थांबवून पाहिली तेव्हा पुन्हा एकदा पटले. चारही चाके एकदम धरली. एप्रिल २०१९ पूर्वीच्या सर्व गाड्यांना लागणारी उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही लगोलग बसवून घेतली.

नोंदणी हाती आल्यावर रनिंग-इन खऱ्या अर्थाने सुरू झाले. त्यासाठी मी अक्कलकोटचा रस्ता निवडला. तो बहुतेक सपाट आहे, अंतर चाळीस किलोमीटरांच्या आसपास, आणि पहाटे मोकळा असतो. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा तिसऱ्यात घालून ताशी तिसापासून पन्नासापर्यंत बऱ्यापैकी जोर देऊन वेग घ्यायचा, मग ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडीला आपोआप मंदावू द्यायचे, पुन्हा तसेच. जोर देताना रिंगा भिंतीवर दाबल्या जातात आणि सोडताना निर्माण होणाऱ्या ओढीमुळे ऑइल वर येऊन झिजलेला कीस धुऊन नेते. एकाच वेगाने लांबवर जाणे या काळात टाळायचे असते. मागच्या काचेतून मी धुरावर नजर ठेवत असे. सुरुवातीला ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की निळसर झोत दिसे, पुढे तो फिका होत गेला आणि एका सकाळी वळसंग ओलांडल्यावर तो दिसेनासा झाल्याचे माझ्या ध्यानात आले.

तुळजापूरचा घाट मी मुद्दाम मागे ठेवला. पाचशे किलोमीटर झाल्यावर ऑइल बदलले, इंजिन रात्रभर थंड ठेवून हेडचे नट ठरलेल्या क्रमाने टॉर्क पान्याने पुन्हा तपासले. दोन नट पाव फेरीपेक्षा थोडे कमी आवळले गेले. हेड थोडे बसले की टॅपेटची फट बदलते, म्हणून तीही पुन्हा जुळवली. कॉम्प्रेशन मोजले तेव्हा चारही सिलिंडर १२५ च्या आसपास आले होते आणि तिसरा इतरांपेक्षा जेमतेम तीन पौंडांनी मागे होता. मिस्त्रींनी आकडा वाचला आणि हेडचा विषय आपणहून मिटवला. त्यानंतर घाट चढवून पाहिला, भर दुपारी नव्हे तर सकाळीच. तापमानाचा काटा मध्याच्या वर गेला आणि माथ्यावर खाली आला. रुई काढलेल्या रेडिएटरची आणि मोठ्या जेटची ही खरी परीक्षा होती.

काम अजून पूर्ण संपलेले नाही. स्टिअरिंगमध्ये थोडा खेळ आहे आणि पुढच्या डाव्या चाकाची किंगपिन (चाक ज्या खिळीभोवती वळते ती) बदलावी लागणार आहे. तिचा सेट पुण्याहून यायचा आहे. मागच्या एक्सलच्या सीलमधून एखाद-दुसरा थेंब ड्रमकडे येतो, तो वाढण्याआधी सील बदलायचे ठरले आहे. पुढचे ऑइल दोन हजार किलोमीटरांवर बदलायचे, तोवर खनिज ऑइलच चालू ठेवायचे, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी पुरती गरम होईल इतकी चालवायची, असे मिस्त्रींनी वहीत लिहून दिले आहे. ती वही आता जुन्या बिलाच्याच पाकिटात ठेवली आहे आणि प्रत्येक कामापुढे मीटरचा आकडा लिहिण्याची पद्धत तशीच चालू आहे.